रुसायला जागा नसलेलं घर

"आत्या, या घरात रुसायचं कुठे?"

हा प्रश्न माझा नव्हे, आधीच सांगून ठेवते. तो आमच्या शेवटच्या बाकाचा. आत्याने डोंगरात बांधलेल्या घराचे फोटो मी वर्गात दाखवले, तेव्हा चौघींनी माझा फोन हातोहात फिरवला, फोटो ताणून ताणून मोठे केले, आणि आमच्यातली जी सगळ्यात जास्त रुसते ती म्हणाली, "अगं, पण आत एकही खोली नाही! भांडण झालं की ही माणसं जातात कुठे?" झालं, पैज लागली. आत्याला हे सगळ्यांदेखत विचारायचं. विचारलं नाही तर वर्षभर फळा मी पुसायचा.

मागच्या महिन्यापर्यंत मी निमूट फळा पुसला असता. पण मध्यंतरी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी अर्धं भाषण विसरले, उरलेलं उभ्या उभ्या रचून ठोकून दिलं आणि तरी टाळ्या पडल्या. तेव्हापासून माझी भीड जी चेपली ती चेपलीच.

तर आम्ही सगळे नुकतेच चढण चढून आत आलो होतो. आजोबा, बाबा, आई आणि मी. आत्या मधोमध उभी होती, दोन्ही हात पसरून, जणू घर तिने नुकतंच टोपीतून काढलंय. आणि मी विचारलं.

"रुसायचंच नाही," आत्या म्हणाली. "तीच तर गंमत आहे."

आई हसली. आजोबा खोकल्यासारखे हसले. बाबा हसले नाहीत.

घर म्हणजे एकच लांब खोली. मागची बाजू डोंगरात अर्धी रुतलेली, जाड दगडाची, तिला हातभर रुंदीची एक खिडकी, कारण वारा तिकडून येतो. पुढची बाजू सगळी काच, कारण ऊन तिकडून येतं. काळ्या फरशीने दिवसभर ऊन प्यायचं आणि अंधार पडला की परत द्यायचं. मधोमध लोखंडी शेगडी, तिचं धुराडं सरळ छपरातून बाहेर. शेगडी एक म्हणून खोली एक. भिंती घातल्या की उबेच्या वाटण्या होतात, असं आत्याचं म्हणणं, आणि ती घरं बांधते म्हणजे तिला कळत असणार. एका टोकाला झोपायचं लाकडी मचाण, दुसऱ्या टोकाला ओटा. काचेखालून लांबच लांब बाक, त्याच्या पोटात अंथरुणं. माणशी तीन खुंट्या. ताटं सहा. पलंग नाही, कपाट नाही, सोफा नाही, शोकेस नाही, आणि दार म्हणाल तर ज्यातून आत आलो तेवढंच दिसत होतं.

आता हे ज्याच्या जिव्हारी लागावं असा जगात एकच माणूस होता आणि तो माझ्या शेजारी बूट काढत होता.

बाबा दारं विकतात. सागवानी दारं, प्लायची दारं, जाळीची दारं, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या. नवं घर बांधणारी माणसं आमच्या दुकानात येतात, दारांवर टकटक करून आवाज ऐकतात, आणि बाबा मागे उभे राहून "यावं, यावं" म्हणतात. हा विनोद ते माझ्या जन्माआधीपासून करतायत. अशा माणसाच्या सख्ख्या बहिणीने बिनदाराचं घर बांधणं म्हणजे न्हाव्याच्या भावाने छातीपर्यंत दाढी वाढवण्यासारखंच.

"बघ ताई!" बाबा एकदम ताठ झाले. "पोर लहान आहे, पण मुद्द्याचं बोलली. माणसाला एक दार लागतं."

"कशाला, बाळ्या?"

बाबा अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत. आत्या त्यांना बाळ्याच म्हणते.

"लावून घ्यायला!"

आणि मग बाबा आम्हाला सगळ्यांना परत बाहेर जीपपाशी घेऊन गेले.

*

इथे आमच्या घराण्यातल्या रुसण्याबद्दल सांगायला हवं, कारण तुमच्या घरी कदाचित माणसं कशीही, वाटेल तिथे रुसत असतील. आमच्याकडे त्याला शिस्त आहे. रुसलेल्या माणसाने एक जागा धरायची आणि तिचं दार लावून घ्यायचं. ज्याच्यावर रुसलो त्याच्याशी थेट बोलायचं नाही, निरोप पाठवायचा. निरोप घरातली लेक पोचवते. आणि मुख्य नियम हा की जे निरोपाने आलं नाही ते ऐकू आलेलं नसतं, मग कानाशी ओरडून सांगितलेलं का असेना. आजोबा तरुणपणी ट्रक चालवायचे. ते ट्रकच्या केबिनमध्ये रुसायचे, आजी स्वयंपाकघरात, आणि मधलं अंगण धावत ओलांडायची ती आत्या. तिला सगळे टपाल म्हणायचे. आत्या शिकायला बाहेर पडली, पुढे बाबांचं लग्न झालं, मी जन्मले, चालायला लागले. ते नाव बरेच दिवस रिकामं पडलं होतं. मला चिकटलं.

त्या दिवशीचं टपाल सकाळीच सुरू झालं होतं. जीपच्या टपावर बाबांनी ताडपत्रीखाली काहीतरी भलंमोठं बांधलं होतं. ते काय आहे हे ते सांगेनात, आणि त्या काहीतरीपायी आईच्या दोन गाद्या घरीच राहिल्या. त्यामुळे सगळी चढण मी "आईला सांग वळण आहे, धरून बस" आणि "बाबांना सांग, दिसतंय मला" एवढंच इकडून तिकडे करत होते. पुढे बाबा, मागे आई, मध्ये डोकं खुपसून मी.

बाबांनी दोऱ्या सोडल्या. ताडपत्री ओढली.

दार होतं.

साधंसुधं नव्हे. दुकानाच्या दर्शनी भागात उभं असतं ते, ज्याला कोणी किंमतसुद्धा विचारत नाही. अख्ख्या सागाचं, चार नक्षीदार चौकटींचं, पितळी मुठीचं. त्याच्याखाली प्लायचे तक्ते.

"हे तुला," बाबा म्हणाले. "आणि हा प्लाय भिंतीला. ओटा आणि खोली यांच्यामध्ये. उद्या दुपारपर्यंत मी स्वतः उभी करून देतो."

त्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं, ते मला आईने पुढे सांगितलं. महिनाभर ते रोज दुकान बंद करताना त्या दाराला तेल लावत होते. बहीण घर बांधतेय. आज फोन येईल, उद्या येईल, बाळ्या, एवढी एवढी दारं पाठव म्हणेल. फोन आलाच नाही. फोटो आले. त्यांनी फोटोत दारं शोधली.

आत्याने दारावरून हात फिरवला. मला वाटलं आता ती रडणार किंवा मिठी मारणार.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "आणि भिंत उभी राहिली तर मी आजच डोंगर उतरते."

"ताई, मी तुझ्या घराला दार देतोय!"

"तू दाराला घर देतोयस, बाळ्या."

आता गोची अशी, की हे घर काही आत्याने एकटीसाठी बांधलं नव्हतं. आजोबा तिच्याकडे राहायला आले होते. त्यांची ट्रंक जीपमध्येच होती. आत्या उतरली तर आजोबाही उतरणार, आणि आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर परत जाणार. त्या सोफ्यावर ते टीव्हीचा आवाज बंद करून दिवसभर बातम्या बघतात. तिथे आजोबा कसे दिसतात ते मी रोज बघते. म्हणून सांगते, त्या दारापेक्षा मला त्या ट्रंकेची काळजी जास्त होती. आणि ही सगळी ठिणगी माझ्या पैजेने टाकली होती.

"अण्णा, तुम्हीच सांगा," बाबा आजोबांना म्हणाले. "राहणार तुम्ही आहात."

आजोबांनी ट्रंक उघडली होती. तिच्यातून त्यांनी रबरी फुग्याचा पितळी भोंगा काढला, ट्रकवरचा. ट्रक विकला तेव्हा त्यांनी तेवढा काढून घेतला होता. "हा कुठे लावू?"

"अण्णा," आत्या हळूच म्हणाली, "भिंतीवर काही लावायचं नाही असं ठरलंय ना?"

"कोणाचं?"

"... माझं."

"मग मला कशाला विचारता?" आजोबा म्हणाले. "ओट्यापाशी जी उभी राहणार तिला विचारा. इथे आलं की रांधणार तीच. सूनबाई म्हणेल ते मला चालेल." आणि भोंगा काखोटीला मारून ते जीपमध्ये, चालकाच्या जागेवर जाऊन बसले. दार धाडकन लावून घेतलं. काच वर.

इथला पहिला रुसवा.

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई रुसलेली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बटाटे कोण भाजणार?" आणि आत गेली.

*

बाबांनी आत येऊन जागा शोधली. मी मोजदाद करत होते. मचाणाखाली वाकून बघितलं. तिथून ते ओट्यावरून स्पष्ट दिसतात. शेगडीमागे गेले, शेगडी बारीक, बाबा रुंद. शेवटी त्यांना घरातलं ते एकमेव दुसरं दार सापडलं. बाथरूमचं. आत गेले, कडी लागली, आणि लगेच आतून आवाज आला.

"हे दार कुठून घेतलं?"

आत्याने डोळे मिटले.

"ताई! हे दार कुठून घेतलं?"

"सरकतं हवं होतं. तू ठेवत नाहीस."

"मागवलं असतं!"

"मागवलं असतंस, आणि सोबत शोकेस पाठवलं असतंस. माझ्या लग्नात पाठवलं होतंस तसं."

आतून कडी एकदा काढून पुन्हा लावल्याचा आवाज. बाबा कडी तपासत होते. मग दुःखाने म्हणाले, "कडी चांगली आहे." आणि मग ते आत्यावरही रुसले.

आत्या लाकडं आणायच्या निमित्ताने बाहेर गेली. घरात राहिलो आई, मी, आणि बाथरूम.

"टपाल!" बाथरूम म्हणालं. "आईला सांग, मला भूक नाही."

आता लक्षात घ्या. आई आणि ते दार यांच्यामध्ये फार तर सात-आठ पावलं असतील. घर इतकं रिकामं की सुई पडली तर तिचा पत्ता लागावा. आईने ऐकलं, हे मी बघितलं. तिचा चिमटा बटाट्यावर थबकला. तरी ती निरोपाची वाट बघत उभी राहिली. मी गेले आणि म्हणाले, "बाबांना भूक नाही."

"हो का?" आई म्हणाली, जणू आत्ताच कळतंय. "त्यांना सांग, विचारलंय कोणी?"

हे बाथरूमला ऐकू गेलं, कारण तिथून नाक फुरफुरल्याचा आवाज आला. पण उत्तर नाही. टपाल यायचं होतं ना.

मी मुद्दाम लंगडी घालत निघाले. सावकाश. मध्ये शेगडीला एक प्रदक्षिणा मारली. दोघंही वाट बघत थांबले! आई चिमटा धरून, बाबा दारामागे श्वास धरून. आणि मला अचानक हसू फुटलं, कारण डोक्यात एक फारच वाईट कल्पना आली होती. मी दारापाशी गेले आणि म्हणाले, "आई म्हणते, सगळ्यात मोठा बटाटा तुमच्यासाठी राखून ठेवलाय."

दोघांनीही खरं काय ते ऐकलं होतं. दोघांनीही.

"बरं," बाबा आतून म्हणाले, जरा मऊ. "मग ठेव म्हणावं. मीठ लावून."

मी वळून आईकडे बघितलं. आईचे डोळे मोठे झाले होते. ती काही बोलू शकत नव्हती. नियम तिलाही लागू होता. तिने मुकाट्याने सगळ्यात मोठा बटाटा बाजूला केला आणि मीठ लावलं.

इतकी वर्षं मी या घराण्याचं टपाल वाहतेय आणि पत्र बदलता येतं हे मला त्या दिवशी कळलं! मी दिवसभरही बदलत राहिले असते. पण आईला बाथरूमला जायचं होतं, आणि तसा निरोप मला तंतोतंत पोचवावा लागला. बाबा बाहेर आले, आईकडे न बघता, नुसता तो बटाटा बघून, आणि तडक जीपकडे गेले. चालकाच्या जागेवर आजोबा होते. बाबा शेजारी बसले. दार धाडकन.

*

आत्या लाकडांच्या ढिगावर बसली होती. हातात लाकूड एकही नव्हतं.

"सॉरी आत्या," मी म्हणाले. "तो प्रश्न पैजेचा होता."

"प्रश्न बरोबर होता." तिने सरकून मला जागा केली. खाली दरीत ढगाची सावली एका डोंगरावरून उतरून दुसऱ्यावर चढत होती. "तुला माहितीये, मी टपाल होते तेव्हा केवढी होते? दुसरीत. एकदा आजीने निरोप दिला, त्यांना सांग, मला ताप आलाय. मी अंगण ओलांडून केबिनपाशी गेले. अण्णांनी काच खाली घेतली. आणि मी विसरले. काय सांगायचं होतं तेच आठवेना. परत विचारायला गेले तर आजी म्हणाली, जाऊ दे, काही नाही."

"मग?"

"मग काही नाही. उतरला ताप." ती पायाने एक ढलपी इकडून तिकडे सरकवत होती. "पण घराचा नकाशा काढायला बसले ना, तेव्हा जिथे जिथे दार यायचं तिथे माझा हात अडायचा. लोकांना सांगते, ऊब वाचते. वाचतेच, खोटं नाही. पण मला एवढंच बघायचं होतं, की दारं नसली तर माणसं बोलतात का."

"नाही बोलत," मी म्हणाले. मग तिचा चेहरा बघून वाईट वाटलं. "म्हणजे, आत्तापर्यंत तरी."

ती हसली, पण तिला वाऱ्याने हुडहुडी भरली होती, आणि आत गेलं तर वहिनीशी काय बोलायचं हे तिला समजेना. आईने भिंतीबद्दल अजून हूं की चूं केलं नव्हतं. आत्याची खात्री होती की आई बाबांच्या बाजूने आहे. दारवाल्याची बायको ती. आणि आईची खात्री होती की आत्याला तिचं मत नकोच आहे. तिला कधी घराचे फोटोसुद्धा थेट आले नव्हते, बाबांच्या फोनवर आले. दोघी चुकत होत्या, पण सांगणार कोण?

"जीपमध्ये शाल असेल एखादी," आत्या म्हणाली, आणि गेली.

तिकडे जीपमध्ये काय चाललं होतं म्हणता? आजोबा स्टिअरिंगच्या चक्रावर हात ठेवून समोर बघत होते. त्यांच्या मनातलं त्यांनी मला नंतर, फक्त मला, सांगितलं. त्यांना ते घर भयंकर आवडलं होतं. हात लांब केला की पाणी, हात लांब केला की पांघरूण, समोर एवढी मोठी काच आणि काचेत नुसती चढण-उतरण. ती केबिनच होती, फक्त आता गाडी हाकायला नको. पण एकदा रुसल्यावर "आवडलं" म्हणायचं कसं? त्याला निदान कोणीतरी समजूत घालायला यावं लागतं. आणि जे जे आलं ते रुसूनच आलं.

*

मी आत परतले तर आई एकटी. तिने घरभर बघितलं, तोंड फुगवायचा थोडा प्रयत्न केला आणि कंटाळली. रुसायला समोर माणूस लागतो. "माझी पिशवी जीपमध्ये आहे वाटतं," ती म्हणाली. पिशवी खुंटीवर होती, आम्हा दोघींच्या नाकासमोर. तरी ती गेली.

धाडकन.

आणि मग घर माझं! मी बाकावर पाय पसरले. उन्हाने फरशी कोमट झाली होती. बटाटे चुरचुरत होते. काचेतून अख्खी दरी दिसत होती, आणि दरीच्या काठावर आमची धुळकट जीप, आणि जीपमध्ये माझं सगळं घराणं. आजोबा आणि बाबा पुढे, आई आणि आत्या मागे, दोन खिडक्यांना चिकटून. चौघंही समोर बघत होते, जणू गाडी कुठेतरी चाललीये. मागच्या दोघींच्या मध्ये एक जागा रिकामी सोडलेली होती.

ती माझी जागा. तिथे मी नेहमी बसते.

मला पहिल्यांदा खूप हसू आलं आणि मग आलंच नाही. इतकं उबदार घर, आणि सगळे पत्र्याच्या डब्यात कुडकुडतायत. आत्याने सगळी दारं काढून टाकली, तर या लोकांनी गाडीची चार शोधून काढली. आणि ती चारही नसती, तरी त्यांचं अडलं नसतं. मी होते ना.

मी चपला घातल्या आणि बाहेर गेले.

बाबांनी काच खाली केली. "बरं झालं आलीस. ताईला सांग, दार परत नेतोय. आणि अण्णांनाही. ज्या घराला माझं एक दार चालत नाही, त्या घरात मी बापाला ठेवणार नाही."

आत्या त्यांच्या पाठीमागे वीतभर अंतरावर होती. तिच्या खिडकीची काच खाली आली. "त्याला सांग, खुशाल ने. अण्णांना काय हवं ते अण्णा बोलतील."

"मला कोणी विचारलंय?" आजोबा चक्राला म्हणाले. "मी सूनबाईवर सोपवलंय."

आईच्या बाजूची काच सगळ्यात शेवटी खाली आली. ती माझ्याकडे बघत, हलक्या आवाजात म्हणाली:

"टपाल, बाबांना सांग, भिंत नको. भिंत आली तर ओट्यावरून मला दरी दिसणार नाही. इतकी वर्षं मी घरी भिंतीवरच्या फरशांकडे बघत पोळपाट लाटणं चालवलं. आणि म्हणावं, दार परत नेऊ नका. या घरात जेवायला टेबल नाहीये. ते आडवं करा, खाली पाय लावा. सगळे मावू."

मी आळीपाळीने चौघांकडे बघितलं. आत्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. आजोबांनी भोंगा छातीशी धरला होता. बाबांचे कान लाल झाले होते. सगळ्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता. आणि नियमाप्रमाणे कोणीच ऐकला नव्हता. चौघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

मला फक्त ते पुन्हा म्हणायचं होतं. बस. भिंत टळली असती, आत्या राहिली असती, ट्रंक आत गेली असती. बदलायचीही गरज नव्हती. इतकं चांगलं पत्र माझ्या हातात कधी आलंच नव्हतं. शब्द जिभेच्या टोकावर होते.

"नाही सांगत," मी म्हणाले.

"म्हणजे?" आई.

"म्हणजे नाही सांगत. ते इथे आहेत. तू इथे आहेस."

बाबा गियरच्या दांड्याकडे बघत राहिले. वाटलं, घालवलं मी सगळं, एका पैजेने सुरू केलं आणि एका हट्टाने घालवलं. आई काच परत वर घेऊ लागली. अर्ध्यावर गेली.

पोंऽऽ!

आजोबांनी भोंगा दाबला होता. जीपच्या आत. आत्याने दोन्ही कानांवर हात ठेवले, बाबांचं डोकं छताला आपटलं, आणि आई दचकून जे तोंडात होतं ते बोलून गेली:

"अहो, भिंत नको!"

बाबा वळले. नुसती मान नव्हे, खांद्यासकट. सकाळपासून पहिल्यांदा ते तिच्याकडे बघत होते.

"मग आधी सांगायचं ना!"

"आधी? ताडपत्रीखाली काय आहे ते तुम्ही आधी सांगितलंत?"

"ती भेट होती! भेट कोणी सांगून आणतं का?"

"माझ्या गाद्या काढून भेट!"

"सागवानी दार आहे ते, अगं. आडवं? लोक त्यावर आमटीची वाटी ठेवणार?"

"माणसं बसतील त्याच्याभोवती. दुकानात महिनोन् महिने नुसतं उभं होतं, तेव्हा कोण बसलं?"

"पाय मी करते," आत्या मागून घाईने म्हणाली. "बाळ्या, मूठ काढायची नाही. मूठ तशीच राहू दे त्याच्यावर."

"मूठ कोण काढतंय? मूठ काढली तर ते दार काय राहिलं?"

"आणि माझा भोंगा?" आजोबा.

"अण्णा, आत्ता नाही!" तिघं एकदम.

ते भांडत होते. तोंडाला तोंड देऊन, थेट, मध्ये कोणी नाही. समोरच्या काचेवर वाफ धरली होती. मी बाहेर थंडीत उभी राहून ऐकत होते आणि मला ते इतकं आवडत होतं, की शेवटच्या बाकाला हे कसं सांगावं याचं वाक्य मी मनात जुळवायला लागले. तेवढ्यात आईने गाद्यांचा विषय तिसऱ्यांदा काढला, आणि सवयीने, अगदी नकळत, बाबांचं बोट माझ्याकडे वळलं.

"टपाल, आईला सांग, की..."

"आई, बाबा," मी म्हणाले. आवाज वक्तृत्व स्पर्धेतला लागला, त्याला माझा इलाज नाही. "मी ठरवलंय. आजपासून टपाल बंद. तुम्हाला रुसायचं तर मनसोक्त रुसा. बाथरूम आहे, जीप आहे, डोंगर केवढा मोठा आहे. पण एकमेकांना जे सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगायचं, घरी गेल्यावरसुद्धा. मी आता आत जाऊन बटाटे खाणार आहे, मीठ लावलेला मोठा धरून सगळे. हा माझा शेवटचा निरोप, आणि तो तुम्हा दोघांनाही आहे."